जसा मोजला तसा

कॉम्प्युटरचा नवा मदरबोर्ड खोक्यातून काढला की ताई तो आधी भावाच्या डोळ्यांसमोर धरायची. पुढून, मागून, मग खिडकीकडे तिरका करून, म्हणजे सोल्डरिंग कसं झालंय ते त्याला दिसावं. भाऊ पलंगावर उशांच्या आधाराने बसलेला असायचा, नाकातोंडावर श्वासयंत्राचा मास्क. स्नायू एकेक करून संपावर गेलेत, असं तो म्हणायचा. डोळे तेवढे अजून कामावर येत होते. समोरच्या पडद्याखाली एक कॅमेरा होता. भाऊ ज्या अक्षराकडे बघेल ते अक्षर उमटायचं आणि वाक्य पुरं झालं की कॉम्प्युटर ते मोठ्याने वाचायचा. अक्षरं अशी डोळ्यांनी वेचायची म्हणजे वेळ लागतो, म्हणून तो थोडक्यात बोलायचा. आजारी नव्हता तेव्हाही थोडक्यातच बोलायचा, असं आई सांगे.

घरात त्याला मीटर म्हणत. लहानपणी दाराशेजारच्या वीजमीटरची चकती फिरताना बघत तो तासन्‌तास उभा राहायचा, तेव्हापासून ते नाव चिकटलं. पुढे त्याने मदरबोर्ड तपासून त्यांच्याबद्दल लिहिणारी वेबसाइट काढली, तिलाही तेच नाव दिलं. वाचणारे सगळे हौशी, स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः जोडणारे. कुठल्या बोर्डावर खेळ किती वेगाने पळतात हे सांगणारे पुष्कळ होते. काहीही न करता स्वस्थ बसलेला कॉम्प्युटर किती वीज खातो, हे सांगणारा मीटर एकटा होता.

हात ताईचे होते. ती कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवायची. भिंतीच्या प्लगमध्ये वॉटमीटर, त्यात बोर्डाचा पॉवर सप्लाय, आणि आकडा ठरेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचं. हे बसणं बहुतेकांना जमत नाही. तिला जमायचं.

वेबसाइटचा एक नियम होता आणि तो पानाच्या माथ्यावरच लिहिलेला होता: जसा मोजला तसा वापरला. दुसरे लोक मोजण्यापुरत्या सेटिंग बदलून आकडा खाली आणत आणि मोजून झालं की गुपचूप सगळं पूर्ववत करत. मग तो आकडा कुणाच्याच घरी दिसत नसे. मीटरला याची भयंकर चीड होती. त्यामुळे इथे सेटिंग एकदाच करायच्या, मोजायचं आणि लेख बाहेर पडेपर्यंत बोर्ड तसाच चालवायचा. मध्ये कुणी हात लावायचा नाही. ताईलाही हा नियम पटलेला होता. प्रयोगशाळेत ती मुलांना वेगळं काय सांगत होती?

या खेपेचा बोर्ड मात्र नुसता लेखासाठी नव्हता.

वीज आता वरचेवर जायला लागली होती आणि गेली की लवकर परतत नसे. पलंगाखाली इन्व्हर्टरची बॅटरी होती. तिच्यावर श्वासयंत्र चालायचं आणि त्याच बॅटरीवर मीटरचा कॉम्प्युटर. जुना कॉम्प्युटर श्वासयंत्राच्या दुप्पट वीज खायचा. म्हणजे बॅटरीतली बरीचशी वीज श्वासाला नव्हे तर कॉम्प्युटरला जायची, आणि कॉम्प्युटर बंद ठेवायचा म्हणजे मीटरची वाचाच बंद करायची. शिवाय बेलही त्यावरच होती. पूर्वी अंगठ्याखाली साधं बटण असायचं. अंगठ्यातलं बळ गेल्यावर त्याने स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे टक लावून बघितलं की स्वयंपाकघरातली बिनतारी बेल वाजायची. लांबलचक वाजली तर धावत यायचं. कॉम्प्युटर नव्याने सुरू झाला की तीच बेल एकदाच, हलकेच किणकिणायची. त्या किणकिणीला तो हजेरी म्हणायचा.

आईचं म्हणणं साधं होतं. लॅपटॉप घ्यावा, त्याच्या पोटातच बॅटरी असते.

"लॅपटॉप म्हणजे दुसऱ्याने शिवलेला सदरा," कॉम्प्युटरच्या सपाट आवाजात मीटर म्हणाला. "उसवून बघता येत नाही."

आईने ताईकडे बघितलं. ताईला दोघांचंही पटत होतं. पण सकाळी डोळे उघडल्यावर त्याला ज्याची ओढ वाटते असं जगात एवढं एकच काम उरलं होतं आणि लॅपटॉपमध्ये ते काम नव्हतं.

तेव्हा कमी विजेचा म्हणून नावाजलेला हा बोर्ड वितरकाकडून तपासायला मागवला गेला. आकाराने लहान, काळसर हिरवा, एकही पंखा नाही. त्याच्याबरोबर जायला वहीएवढा पॉवर सप्लाय. वेबसाइटवर रोज हजेरी लावणारा एक वाचक होता. त्याला पंख्यांच्या आवाजाचा तिटकारा, म्हणून सगळे त्याला पंखेवाला म्हणत. बोर्ड आल्याचं कळताच त्याने लिहिलं, की एवढासा पॉवर सप्लाय बघून माझ्या मोठ्या पॉवर सप्लायला न्यूनगंड आलाय. मीटरने उत्तर दिलं, "त्याला सांग, वजनाचे गुण मिळत नाहीत."

ताईने बोर्ड पलंगाशेजारच्या टेबलावर पुठ्ठ्यावर मांडला. प्रोसेसर बसवला, मेमरीची एकच पट्टी लावली, पडदा जोडला. मग सेटिंगची पानं उघडली. तिचा क्रम ठरलेला होता आणि बोटांना पाठ होता. आधी मेमरी. मग वीज जाऊन परत आल्यावर काय करायचं ते: आपोआप सुरू व्हायचं. मग नको ती सगळी यंत्रणा बंद. आणि सर्वांत शेवटच्या पानावर गाढ झोप, म्हणजे कॉम्प्युटर बंद असताना बोर्डाने जवळजवळ काहीच खायचं नाही. बंद अवस्थेचा एक स्वतंत्र रकाना मीटरच्या तक्त्यात असायचा आणि वाचक त्या रकान्यावरून एकमेकांशी हमरीतुमरीवर यायचे.

तिने गाढ झोप चालू केली, सगळं साठवलं आणि सेटिंगमधून बाहेर पडली.

मग बसणं. आकडा उतरत गेला, मध्येच उसळला, पुन्हा उतरला. मीटरची नजर पडद्यावरून वॉटमीटरकडे आणि वॉटमीटरवरून पडद्याकडे. किती तापतंय ते कळावं म्हणून त्याने तिला बोट बोर्डावरच्या तारेच्या गुंडाळ्यांजवळ धरायला सांगितलं.

"कोमट," ताई म्हणाली. "चहा प्यायचा राहून गेला की होतो तेवढा."

"कुठला चहा? आईचा की तुझा?"

"माझा."

"म्हणजे गारच."

कान लावून गुंडाळ्यांची बारीक शीळ ऐकू येते का, तेही त्याने विचारलं. नव्हती येत. आकडा नऊ वॉटवर येऊन थांबला आणि थांबूनच राहिला. श्वासयंत्राच्या निम्म्याहून कमी. बंद केल्यावर वॉटमीटर थेट शून्यावर आला, असं शून्य त्या तक्त्यात आजवर कुणी मिळवलं नव्हतं. मीटर बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिला. त्याला हसता येत नसे, पण डोळ्यांच्या कडांवर ओळखीचं हसू आलं होतं.

"हाच," तो म्हणाला. "पलंगाला लाव."

ताईने विचारलं, की आता हा रोजच्या वापराला घ्यायचा, तर सेटिंग एकदा नजरेखालून घालू का. तिच्या मनात शंका अशी कुठलीच नव्हती, सवयीने विचारलं.

"माथ्यावरची पाटी काय म्हणते आपली?" मीटर म्हणाला.

तिने पाटीचं ऐकलं. जुना कॉम्प्युटर कपाटावर गेला आणि नवा पलंगाला लागला.

पुढचे काही दिवस घरात बरं वाटत होतं. मीटर लेख लिहीत होता. बॅटरी आता किती पुरेल याचा हिशेब त्याने आईला दोनदा समजावला आणि आईने दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. त्या दिवसांत नेमकी वीज गेली नाही. प्लग उपटून बघावा असं दोघांनाही सुचलं नाही. मोजताना वीज तुटू द्यायची नाही, तुटली की सगळं मोजमाप फुकट, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की मुद्दाम वीज तोडून बघणं ही तपासणीच असू शकते हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

वीज गेली ती दुपारी. आई स्वयंपाकघरात नळाखाली भांडी विसळत होती. ताई बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसून लेखासाठी बोर्डाच्या रिकाम्या खोक्याचे फोटो काढत होती. छताचा पंखा फिरायचा थांबला. आतून श्वासयंत्राची फुस्स, फुस्स तशीच लयीत येत होती.

ताईने कान देऊन वाट बघितली. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला निमिषभर लागायचं. त्या निमिषात जुना कॉम्प्युटर कधी तग धरायचा, कधी पडायचा. पडला तर आपोआप उठायचा आणि मग हजेरीची बेल वाजायची. हजेरी वाजली म्हणजे पडला होता. नाही वाजली म्हणजे पडलाच नाही. इतक्या वर्षांत याला अपवाद नव्हता.

हजेरी वाजली नाही. एवढासा पॉवर सप्लाय, पण टिकला, असं ताईच्या मनात आलं आणि तिला बरं वाटलं. लेखात हे घालता येईल म्हणून तिने वाक्यही जुळवलं: वीज गेली, बोर्डाला पत्ताही लागला नाही. मग तिने खोक्याचे आणखी फोटो काढले. उजेड चांगला होता.

ते वाक्य सांगायला म्हणून ती आत गेली, तेव्हा पडदा काळा होता. श्वासयंत्र हवा ढकलत होतं. हवा कुठे जाते आहे हे त्या यंत्राला कळत नसे. मीटरच्या घशात कफ दाटला होता. तो ओढून काढायचं यंत्र पलंगाच्या पायथ्याशी, नेहमीच्या जागी होतं. त्याचे डोळे उघडे होते आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर होते.

ताईने जे करायचं ते सगळं केलं, त्याच क्रमाने. आई ओले हात घेऊन दारात उभी राहिली. डॉक्टर आले. ते सभ्य गृहस्थ होते. उशीर हा शब्द त्यांनी वापरला नाही.

नंतर माणसं येऊन गेली. मामा म्हणाले, सुटला बिचारा. आईने त्यांना चहा दिला आणि त्यांच्याकडे बघितलं नाही. भाड्याचं श्वासयंत्र परत गेलं, पलंग मात्र तसाच राहिला. टेबलावर बोर्ड होता, बंद, शून्य वॉटचा. वाचकांनी पानंच्या पानं भरून लिहिलं. पंखेवाल्याने एकच ओळ लिहिली: माझ्याकडचे सगळे पंखे आज बंद ठेवलेत.

ताई कॉलेजात जाऊ लागली. आईमध्ये एक फरक पडला होता आणि तो ताईच्या लक्षात यायला वेळ लागला. आई नळ पूर्ण सोडत नव्हती. भांडी, हात, भाजी, सगळं करंगळीएवढ्या धारेखाली. मध्येच नळ बंद करून ती तशीच उभी राहायची. ताईने पाणी कमी येतंय का म्हणून विचारलं, तर आईने नुसती मान हलवली.

मग एकदा जेवताना आई म्हणाली, "माझे कान तपासून घ्यायला हवेत गं."

"का? ऐकू येतंय की तुला."

"त्या दिवशी आलं नाही ना." आई ताटाकडे बघत होती. "नळ सोडला होता मी. मोठ्ठा. तो बिचारा बेल वाजवून वाजवून..."

ताईचा घास हातातच राहिला. त्या दिवशी ती बाहेरच्या खोलीत होती. लांबलचक बेल झाली असती तर तिलाही ऐकू आली असती. पण आईने तिला तसं विचारलंही नव्हतं. सगळा दोष तिने एकटीने, निमूट, आपल्या कानांवर घेऊन ठेवला होता.

ताईला तेव्हा एवढंच माहीत होतं, की पडदा काळा होता. का काळा होता, हे तिने शोधलं नव्हतं. शोधायला ती घाबरत होती, असं म्हणणं जास्त खरं. वितरकाच्या माणसाचा फोन येऊन गेला होता. घाई नाही मॅडम, तो म्हणाला, पण लेख होणार नसेल तर बोर्ड परत पाठवा. तिने कळवते म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळीच ताई मीटरच्या खोलीत गेली. वॉटमीटर भिंतीत लावला, बोर्ड त्यावर जोडला, बटण दाबलं. बोर्ड सुरू झाला, त्याच्यामागे मीटरचा प्रोग्रॅम सुरू झाला आणि स्वयंपाकघरात हजेरी किणकिणली.

आत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. आई दारात आली. धावत नव्हे, पण आली. पदराला हात पुसत ती रिकाम्या पलंगाकडे बघत उभी राहिली.

ताईने तिला परत स्वयंपाकघरात जाऊन बसायला सांगितलं.

"कशाला?"

"कान तपासायचे म्हणालीस ना? नळ बंद ठेव आणि बेलकडे लक्ष दे. मी इथून विचारीन."

आई गेली. ताईने प्लग उपटला. पडदा काळा झाला. तिने प्लग पुन्हा लावला आणि हात मांडीवर ठेवून बसली, आकडा ठरायची वाट बघत बसायची तशी. बोर्ड उठला नाही. वॉटमीटरवर शून्य होतं.

"काही ऐकू आलं?"

"नाही," आईचा आवाज आला. घाबरलेला आवाज होता. "वाजली का?"

"थांब जरा."

तिने बटण दाबून बोर्ड सुरू केला आणि सेटिंगची पानं उघडली. या वेळी ती शेवटाकडून सुरुवातीकडे गेली. गाढ झोप: चालू. दोन पानं मागे, वीज परत आल्यावर काय करायचं, ती ओळ करडी पडली होती. आपोआप सुरू व्हायचं, असं तिने निवडलेलं तिथे उरलंच नव्हतं. शेवटच्या पानावर गाढ झोप चालू करताक्षणी बोर्डाने तिचं आधीचं सांगणं रद्द केलं होतं आणि तसं कळवलं नव्हतं. आजवर तपासलेल्या बोर्डांवर या दोन्ही ओळी एकाच पानावर असत. तिथे ते डोळ्यांदेखत घडलं असतं. इथे ते तिच्या पाठीमागे घडलं, आणि वळून बघायला नियमाची मनाई होती.

ती त्या करड्या ओळीकडे बघत राहिली. गाढ झोपेने वीज वाचते ती कॉम्प्युटर बंद असताना. मीटरचा कॉम्प्युटर कधी बंद होणारच नव्हता. त्या शून्याने बॅटरीत एका श्वासाचीही भर पडली नव्हती. नऊ वॉट खरे होते, ते कामाचे होते. शून्य फक्त तक्त्यासाठी होतं.

तिने गाढ झोप बंद केली. करडी ओळ पुन्हा काळी झाली. आपोआप सुरू व्हायचं, हे तिने निवडलं, साठवलं, बोर्ड नीट सुरू होऊ दिला. ती हजेरी आईने ऐकली असणार, पण ती मोजायची नव्हती. मग तिने प्लग उपटला. लावला.

पडद्यावर अक्षरं आली. हजेरी किणकिणली.

"वाजली," आई आतून म्हणाली. "आत्ता वाजली. मला ऐकू आली."

"आता नळ सोड. पूर्ण."

नळाचा आवाज आला, भांड्यावर आदळणारा. ताईने पुन्हा प्लग उपटला, पुन्हा लावला.

"आली," आई म्हणाली. मग नळ बंद झाला.

ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा उजळला नव्हता. ताईला तशी आशाही नव्हती.

"तुझे कान चांगले आहेत," ताई म्हणाली. "त्या दिवशी बेल वाजलीच नाही, आई. वीज गेली तेव्हा कॉम्प्युटर पडला आणि पुन्हा उठला नाही. ज्या सेटिंगमुळे उठला नाही, ती मी केली होती."

आई पलंगाच्या कडेवर बसली. खूप दिवसांनी कुणी त्या पलंगावर बसत होतं. तिने चादरीवरची सुरकुती तळहाताने सपाट केली.

"त्याला माहीत होतं?"

"सेटिंग केली ते माहीत होतं. असं होईल ते नाही."

"आणि तुला?"

"मलाही नाही."

श्वासयंत्र गेल्यापासून या खोलीत आवाज असा नव्हताच. ताईला वाटलं, आता ती विचारील, की मग एकदा बघायचं नाही का. एकदा बघायचं होतं. प्लग उपटून, पुन्हा लावून, चहा करायला लागतो तेवढा वेळ.

आईने ते विचारलं नाही. ती म्हणाली, "तो तिथेच बघत राहिला असेल मग. कोपऱ्यात. काही नसताना."

"हो," ताई म्हणाली.

आई उठली. पलंगाच्या दांड्याला धरून उठावं लागलं तिला. दाराशी जाऊन ती थांबली. "बंद करून टाक ते. उगाच वीज खातंय."

ताईने कॉम्प्युटर बंद केला. वॉटमीटरचा आकडा उतरत गेला आणि एका वॉटच्या जरा वर येऊन थांबला. या वेळी तो शून्यावर आला नाही. बंद असूनही बोर्डाचं कुठेतरी, थोडंसं, लक्ष होतं.

तिने आपला लॅपटॉप काढला, कॉलेजच्या कामाचा, आणि मीटरचा अर्धा लेख उघडला. तक्त्यात बंद अवस्थेच्या रकान्यात त्याचं शून्य होतं. तो आकडा तिने खोडला नाही. तो मोजलेला होता. त्याच्याखाली तिने दुसरा आकडा लिहिला आणि तक्त्याला एक नवा रकाना जोडला: वीज जाऊन परत आल्यावर. पहिल्या ओळीत लिहिलं, उठत नाही. दुसऱ्या ओळीत लिहिलं, उठतो.

शिफारशीची जागा रिकामी होती. तिथपर्यंत तो पोचला नव्हता. ती तिने रिकामीच ठेवली.

मग तिने पान वर सरकवलं, माथ्यावरच्या 'जसा मोजला तसा वापरला' या ओळीपर्यंत, आणि बराच वेळ कर्सर त्या ओळीच्या शेवटी लुकलुकत राहिला. स्वयंपाकघरात आईने नळ सोडला होता. धार बारीकच होती.